टँकर थांबा क्रमांक सात

१८ एप्रिल १९८६

चि. शहजादी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न उघडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता आमच्या हिच्याकडून, तुझ्या काकूंकडून, लिहून घेतला आहे. आता उघडलंच आहेस तर वाच. नांदेडचा तुझ्या खालाचा पत्ता तुझ्या अम्मीनं काकूंना दिला. अब्बांना कळू देऊ नका म्हणाली, तेव्हा तूही कळू देऊ नकोस.

परीक्षा संपत आली. राज्यशास्त्राच्या तिसऱ्या पेपरला काय आलं सांगू? 'मतदान वर्तनावर परिणाम करणारे घटक', वीस गुण. वीसच्या वीस तुझे होते. त्या हॉलवर पर्यवेक्षक मीच होतो. गैरहजर विद्यार्थ्याच्या बाकावर उत्तरपत्रिका अर्धा तास ठेवायची आणि मग उचलायची असा नियम आहे. तुझ्या बाकावरची मी पाऊण तास ठेवली. प्राचार्य दोनदा दारात येऊन घड्याळाकडे बघून गेले.

आपली मतदारांची पाहणी मात्र झकास झाली आहे. नऊ थांबे, आठशे शेहेचाळीस घरं. औरंगाबादच्या परिषदेत मी हा निबंध वाचला तर तिथली मंडळी बघतच राहतील. गावाचा धड नकाशा नाही, घरांना दोन-दोन नंबर, त्यात जिल्हा नवा झाल्यापासून जुन्या याद्या उस्मानाबादला आणि नव्या लातूरला, म्हणजे दोन्हीकडे नाहीत. अशा गावात पाहणी करायची कशी? मग टँकरच्या थांब्याप्रमाणे घरं लावायची युक्ती मला सुचली. ज्या थांब्यावर घर पाणी भरतं, त्या थांब्याच्या रकान्यात ते घर. ही युक्ती माझी, एवढं तरी तू कबूल करशील.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं पुन्हा वाचताना काल एकटाच हसलो. 'जिल्हा लातूर झाल्याने तुम्हाला काय फरक पडला?' तुमच्या शेजारच्या सरजाबाईचं उत्तर तू जसंच्या तसं उतरवून घेतलं आहेस: 'आधी उस्मानाबादचं पाणी येत न्हवतं, आता लातूरचं येत न्हाई.' हे उतरवून घेणं मी तुला शिकवलेलं नाही, ते तुझं तुला येतं. मी शिकवलं ते एवढंच की कुणी घरी नसलं तर रकाना कोरा सोडायचा नाही. 'भेटला नाही, पुन्हा यावे लागेल' असं लिहायचं, आणि खरंच पुन्हा जायचं. तू तेही केलंस. पाहणीला सोळा मुलं होती, पण पुन्हा जाणारी तू एकटी.

आता त्या अकरा दिवसांविषयी. मार्चमध्ये तुमच्या सात नंबरच्या थांब्यावर टँकर आला नाही, त्याचा आणि आपल्या कागदांचा संबंध कुणी जोडत असेल तर ते लोकांचं अज्ञान आहे. टँकरचं इंजिन बिघडलं होतं असं सांगतात. इंजिन बिघडतं. तेवढ्यासाठी ऐन परीक्षेच्या तोंडावर घर सोडून जायचं नसतं.

तुझ्या अब्बांनी माझं शर्टाचं कापड परत पाठवलं. कात्रीही न लावता, मापाची चिठ्ठी आत तशीच. वीस वर्षं माझे शर्ट लालमहंमदभाई शिवतात. उन्हाळ्यात काम फार असेल.

उत्तर पाठव. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म मी आणून ठेवतो.

तुझा,
वीरण्णा सर


४ मे १९८६

चि. शहजादी,

सोळा दिवस झाले. पोस्टमन आमच्या फाटकावरून जाताना हल्ली मुद्दाम दुसरीकडे बघतो.

मागच्या पत्रात मी 'लोकांचं अज्ञान' असं लिहिलं होतं. ते शब्द खोडलेत असं समज. पत्र टाकून आल्यावर त्यात काय लिहिलं ते मी काकूंना मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्या दिवशी ताटात भाकरी होती, पण मला वाढायला कुणी नव्हतं.

इंजिनाचंही ते तसंच. तेच इंजिन त्याच अकरा दिवसांत सहा नंबरला आणि आठ नंबरला जात होतं. मी स्वतः आठ नंबरवर पाणी भरतो, मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. ती कळली नसती तर बरं झालं असतं असं वाटण्याइतका मी भित्रा आहे. त्या दिवसांत तुमच्याकडच्या बायका कॉलेजच्या मागच्या विहिरीवरून पाणी नेत होत्या. नवव्या दिवशी भीमनगरच्या पारूबाई पायरीवरून घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. पुढं बायका तहसीलवर जाऊन बसल्या, तेव्हा कुठं टँकर पुन्हा सुरू झाला. आणि टँकर आला त्या सकाळी रांगेतली तुझी घागर कुणीतरी उचलून बाहेर ठेवली. 'लिहून देनारीला पानी कशाला', असं काहीतरी म्हणालं म्हणे. तू घागर उचललीस, रिकामीच घरी नेलीस, आणि दुसऱ्या दिवशी नांदेडची एसटी धरलीस.

हे मला तू सांगितलं नाहीस. तू निरोपसुद्धा दिला नाहीस. मला वाटलं, पोरगी अभ्यासाला घाबरली.

शहजादी, आपला तक्ता एका माणसाच्या नजरेखालून गेला होता. सहजच. म्हणजे मी मुद्दाम दाखवला असं नाही, विषय निघाला. आता त्यानं त्यातून काय अर्थ काढला हे मी कसं सांगणार? तू तर फक्त प्रश्न विचारलेस आणि उत्तरं लिहिलीस. तुझा यात काडीचा दोष नाही, हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

काकू म्हणतात, 'कुनालाबी म्हंजे कुनाला?' त्या मूळच्या निलंग्याच्या. त्यांच्या प्रश्नाला पळवाट नसते.

ऊन फार आहे. खालाच्या घरी पाणी कसं आहे ते तरी कळव. आता गोदावरीकाठची माणसं तुम्ही.

वीरण्णा सर


१४ मे १९८६

शहजादी,

त्या माणसाचं नाव व्यंकटराव.

तू त्यांना ओळखतेस. धान्याच्या मोंढ्यातले आडते, मोंढा पॅनलचे पुढारी, कपबशी निशाणी. आणि गावातल्या टँकरचे ठेकेदार. या शेवटच्या गोष्टीचा मला त्या दिवशी विसर पडला, असं मी गेले दोन महिने स्वतःला सांगत आलो. विसर पडला नव्हता. ते माझ्या लेखी महत्त्वाचं नव्हतं, कारण माझ्या घरी हापसा आहे. कमी पडलं तरच मी आठ नंबरवर जातो, आणि तिथं प्रोफेसरसाहेब म्हणून पोरीबाळी मला पुढं घेतात.

आम्ही दोघं निजामाच्या काळात एका बाकावर बसलेले. गणितात तो माझ्या पुढं असायचा, आणि ते त्यानं मला कधी विसरू दिलं नाही. दर मंगळवारी त्याच्या आडतीवर चहा आणि वाद, हे आमचं तीस वर्षांचं व्रत. गाव कुणाचं, कॉलेजचं की मोंढ्याचं? मी म्हणायचो, कॉलेज निघालं आणि गाव बदललं. आता पोरं वाचतात, आया ऐकतात, मत विचार करून पडतं. तो म्हणायचा, तुमच्या पोरांच्या खोल्यांचं भाडं मोंढा खातो, मत कुठं जाणार? यंदा गावच्या निवडणुकीत निवृत्त प्राचार्यांनी कंदील निशाणी घेऊन कॉलेजचं पॅनल उभं केलं तेव्हापासून वाद जास्तच तापला. वर्गात मी तुम्हाला अभ्यासकानं तटस्थ राहावं असं शिकवत होतो, आणि कंदिलाच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसत होतो. ते सगळ्या गावानं पाहिलं आहे, तूही पाहिलं आहेस.

अठरा मार्चच्या मंगळवारी मी तक्ता खिशात घालून गेलो. मुद्दामच. 'विषय निघाला' असं मागं लिहिलं ते खोटं. विषय मी काढला. तक्ता गादीवर पसरला आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं: घरं एकशे अठरा, कंदील एकशे चार. म्हटलं, बघ, ही मोलमजुरीची वस्ती, आणि एवढी जागी झाली आहे.

त्यानं चष्मा लावून बराच वेळ वाचलं. मग विचारलं, 'सात नंबर म्हंजे मोमीनपुरा आन् भीमनगरच्या मधला थांबा, न्हवं का?'

मी म्हणालो, 'हाव.'

एवढंच बोललो. पण थांब्यांना नंबर आपण पाहणीपुरते दिलेले, त्यामुळं त्या तक्त्यात जे नव्हतं ते सगळं त्या एका शब्दानं त्याला मिळालं. तो म्हणाला, 'वीरण्णा, लई बारीक काम केलंस. एक दिवस ठिवू का?' तीस वर्षांत त्यानं माझं पहिल्यांदा कौतुक केलं होतं. मी कागद ठेवून आलो. घरी येईपर्यंत मी शीळ घालत होतो, असं काकू सांगतात. वीस तारखेपासून सात नंबरचा टँकर बंद झाला.

आपल्या प्रत्येक कागदाच्या डोक्यावर एक ओळ आहे. मीच लिहिली आणि सायक्लोस्टाइल केली: 'आपण दिलेली माहिती गुप्त राहील.' ती ओळ एकशे अठरा दारांत तू वाचून दाखवलीस. आपल्याच वस्तीत, आपल्याच आवाजात. त्यांनी माझ्यावर नाही, तुझ्यावर विश्वास ठेवला. शब्द माझा होता आणि जबान तुझी गेली. मला तुझी माफी मागायची आहे, आणि ती कशी मागायची ते या वयातही मला नीट येत नाही.

रमजान सुरू झाला आहे. तुमच्या थांब्यावर बायका रोजा धरून उन्हात उभ्या असतात. मी परवा लांबून पाहून आलो. जवळ गेलो नाही. गेलो तर काय होईल याची यादी केली: कॉलेजवाले म्हणतील, सर मोंढ्याला फितूर झाले, प्राचार्य खुलासा मागतील, लालमहंमदभाई माझ्याकडे बघतील. पहिल्या दोन गोष्टी सोसता येतील.

हे पत्र लिहीत होतो तेव्हा काकू समोर येऊन बसल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'पत्रं नांदेडला काय धाडून राहिलाव? थांबा तर हितं हाय.'

वीरण्णा


२५ मे १९८६

माझ्या गुणी शहजादी,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. बस, आणि खालाला चहा टाकायला सांग. रोजा असेल तर इफ्तारपर्यंत थांब, पण मला वाटत नाही तुला थांबवेल.

गुरुवारी सकाळी मी सात नंबरच्या थांब्यावर गेलो. रिकाम्या हातानं जाऊ नका म्हणून काकूंनी घागर दिली होती. ती घेऊन रांगेत उभा राहिलो. धोतर, टोपी, चष्मा आणि काखेत घागर. सुरुवातीला बायकांनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं. तुझी अम्मी माझ्यापुढं चार घागरी सोडून होती. तिनं मला पाहिलं आणि मान फिरवली.

टँकर यायला वेळ होता. मी बोललो. वर्गात तीस वर्षं बोलतो, पण इथं तीन वाक्यांत आटपलं. म्हटलं, तुमची माहिती शहजादीनं कुणाला दिली नाही. ती मी दिली, व्यंकटरावांना, माझ्या हातानं, मोठेपणा मिरवायला. पाणी माझ्यामुळं तुटलं, पारूबाईंचा हात माझ्यामुळं मोडला.

 मग सरजाबाई पुढं आल्या. तुझी घागर बाहेर काढली ती त्यांनीच. मला म्हणाल्या, 'मंग त्या दिवशी घागर तुमची काढाया पाहिजे होती.' आणि माझ्या काखेतली घागर ओढून घेऊन रांगेच्या पार शेवटी नेऊन ठेवली. मी मुकाट्यानं जाऊन तिच्यामागं उभा राहिलो. शहजादी, खरं सांगतो, दोन महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. पारूबाई तिथं ओट्यावर बसल्या होत्या. हाताचं प्लास्टर निघालं आहे, पण वजन उचलवत नाही. मी जवळ जाऊन बसलो. म्हणालो, बाई, तुम्ही कंदिलाचं नाव विश्वासानं सांगितलंत आणि त्याची ही शिक्षा मिळाली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात एखाद्या ढ पोराकडे मी बघतो तशा.

'सर, कंदिलाचं आमाला काय कवतिक?' त्या म्हणाल्या. 'पोरगी कागद घेऊन दारात आली. वरी कॉलेजचा शिक्का. आमी म्हनलं, पोरीची परीक्षा हाय. पोरीच्या सरचं पॅनल कोन्तं? कंदील. मंग आमी कंदील म्हनलं. एकीनं दुसरीला सांगितलं, कपबशी म्हनू नका बाई, पोरीचे मार्क कटतील.'

मी विचारलं, मग मत कुणाला देणार होता?

'ते पेटीला सांगू की. तुमाला कशाला?'

तुझी अम्मी तोवर जवळ येऊन उभी राहिली होती. तिनं खाली बघत सांगितलं की पहिल्या दिवशी तू कागद घेऊन घरी आलीस तेव्हा तोंड पाडून बसली होतीस. लोक ही निशाणी सांगतात, ती निशाणी सांगतात, सर काय म्हणतील असं काहीतरी बोललीस. तेवढ्यावरून अम्मीनंच संध्याकाळी भिंतीपलीकडे पारूबाईंना हाक मारली. पारूबाईंनी सरजाबाईला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत दोन्ही वस्त्यांत झालं. सरजाबाई म्हणूनच जास्त चिडल्या होत्या. 'तिच्यासाठी सांगितलं, आन् तिनंच नाव लिहून दिलं, असं वाटलं मला,' म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसून घागरी सरकवायला लागल्या.

घरी आलो आणि तुझे कागद काढले. तारखेप्रमाणे लावले. पहिल्या दिवशी तू चौदा घरं केलीस: नऊ कपबशी, पाच 'सांगता येत नाही'. दुसऱ्या दिवसापासून एकशे चार घरं, आणि एकशे चार कंदील. एकही चुकलं नाही. हे मला तेव्हाही दिसलं होतं. त्यावर मी निबंधात काय लिहिलं ठाऊक आहे? 'पाहणीच्या काळात मतदारांमध्ये झपाट्याने जागृती होत गेलेली दिसते.' छापायला जायच्या आधी कळलं, नाहीतर औरंगाबादची मंडळी खरंच बघत राहिली असती.

एकशे चार घरांनी, शहजादी, पाणी कुणाच्या हातात आहे ते पक्कं माहीत असताना, अनोळखी कागदावर आपलं नाव लावून दिलं. का, तर लालमहंमदची पोरगी पास व्हावी. मी तक्त्यात सातव्या ओळीवर 'कंदील' हा शब्द खोडला आणि वर तुझं नाव लिहिलं. आता तो तक्ता बरोबर आहे. माझ्या आयुष्यात एवढी अचूक पाहणी दुसरी झालेली नाही. तू ज्या वस्तीला तोंड दाखवायला घाबरतेस, त्या वस्तीचं तुझ्याविषयीचं मत मी लेखी पाठवतो आहे. सोबत जोडलेलं बघ.

व्यंकटरावाकडे शुक्रवारी जाऊन आलो. मंगळवारची वाट पाहिली नाही. म्हटलं, थांब्यावर तुझं नाव घेऊन आलो आहे, माझं आधी घेतलं. तो वजनकाट्याकडे बघत म्हणाला, 'इंजिन बिघडलं होतं.' चहा सांगितला नाही. मीही थांबलो नाही. तीस वर्षं त्या गादीवर बसलो. वाईट वाटलं, ते लपवत नाही.

प्राचार्यांनी खुलासा मागितला आहे. देईन.

आणि काल तुझे अब्बा दारात आले.  हात पुढं केला. मला वाटलं, मलाच बोलावतात की काय. काकूंनी आतून कापड आणून त्यांच्या हातावर ठेवलं. ते जिना उतरले आणि परत वर आले. गळ्यातली टेप काढून माझ्या छातीचं माप घेतलं. 'सर, लई वाळलाव,' एवढं म्हणाले.

एक जूनला, रविवारी मतदान आहे. तुला जानेवारीत एकवीस पूर्ण झाली, यादीत तुझं नाव आलं आहे, अनुक्रमांक चारशे बारा. हे तुझं पहिलं मत. दहाला ईद होईल. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म काकूंच्या कपाटात आहे, फक्त तुझी सही बाकी आहे. नांदेडहून सकाळी सहाची गाडी लातूरला येते, तिथून आपल्या गावची धर.

तू आलीस तर मला फार आनंद होईल. नाही आलीस तरी मी तुझाच सर राहीन, तुला तो नकोसा झाला तरीसुद्धा.

वीरण्णा


२ जून १९८६

शहजादी,

हे पत्र काल रात्रीच लिहिणार होतो, पण काकू म्हणाल्या, आधी झोपा.

माझी ड्यूटी गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुलींच्या शाळेतल्या केंद्रावर लागली होती. सकाळी सातपासून पेटीवर सील लागेपर्यंत मला खुर्ची सोडता आली नाही. हे तुला ठाऊक होतं की नाही, ते मी विचारणार नाही. संध्याकाळी घरी आलो तर ओट्यावर दोन कप पालथे घातलेले होते. दुपारी चहाला कोण आलं होतं, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, दोन्ही मीच प्यायले, ती रोजा धरून समोर बसली होती म्हणून.

मग सगळं सांगितलं, पण सावकाश, माझा जीव टांगणीला लावून. तू सहाच्या गाडीनं आलीस. मत दिलंस. बोटाची शाई काकूंना दाखवलीस. सरजाबाईनं तुला केंद्रावरूनच ओढून थांब्यावर नेलं आणि तुमची घागर सगळ्यांच्या पुढं लावली. तू ती परत मागं, आपल्या जागेवर नेऊन ठेवलीस. तिथं थोडा वाद झाला म्हणे. फॉर्मवर सही केलीस. तारीख घालायची विसरलीस, ती मी घातली आहे. आणि चारच्या गाडीनं परत गेलीस. ईदला सगळ्यांबरोबर येईन म्हणालीस.

माझी चौकशी केलीस का, हे मी तीनदा विचारलं. शेवटी काकूंनी कपाटातून एक कागद काढून हातात दिला.

आपल्या पाहणीचा कोरा नमुना तू मागून घेतलास म्हणे, आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून काकूंना रीतसर प्रश्न विचारलेस. वरची 'माहिती गुप्त राहील' ही ओळ तू पट्टी धरून खोडली आहेस. बरोबर केलंस. ती बघताना मला जे वाटलं ते मला वाटायलाच हवं होतं.

पाचवा प्रश्न: 'तुमच्या घरात मत कुणाला द्यायचं हे कोण ठरवतं?' काकूंचं उत्तर तुझ्या अक्षरात: 'सर ठरवत्यात. म्या माझं देते.' शेऱ्याच्या रकान्यात तू लिहिलं आहेस, 'खरं उत्तर.' छत्तीस वर्षांच्या संसारात ही माहिती मला तुझ्या कागदावरून मिळाली.

निकाल उद्या आहे. चौकात पोरं पैजा लावून बसली आहेत, कंदील की कपबशी. निवृत्त प्राचार्यांचा माणूस दोनदा येऊन गेला, सर, तुमचा अंदाज काय म्हणून. मी सांगितलं, पेटीला विचारा.

त्या कागदावरची शेवटची ओळ मी सकाळपासून किती वेळा वाचली ते लिहीत नाही. काकू हसतील. 'घरातील दुसरा मतदार', आणि त्यापुढं तुझं ते तिरकं, घाईचं अक्षर:

'भेटला नाही. पुन्हा यावे लागेल.'

ये बाळ. मी घरीच आहे.

वीरण्णा सर